नाणेनिधीच्या अहवालाने बाजार पडतो का?

'आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा अहवाल आला की बाजार पडतो, म्हणजे कोणता देश तारायचा आणि कोणता बुडवायचा हे तिथेच ठरते. आणि इतकी देखरेख असूनही 2008 चे संकट टळले नाही, म्हणून ती निरुपयोगीच आहे,' असा मजकूर मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. एकाच दमात देखरेखीला, म्हणजे सदस्य देशांच्या अर्थव्यवस्थांच्या निधीकडून होणाऱ्या नियमित आढाव्याला, सर्वशक्तिमान आणि निरुपयोगी ठरवणारा हा दावा एकेक मुद्दा घेऊन तपासायला हवा.

अहवालामुळे बाजार पडतो, यासाठी ब्रिटनचा दाखला दिला जातो. मात्र त्यातील तारखा कुणी पाहत नाही. कर्जाच्या आधारावरील मोठी करकपात ब्रिटिश सरकारने 23 सप्टेंबर 2022 रोजी जाहीर केली, 26 तारखेला पौंड डॉलरच्या तुलनेत नीचांकाला गेला आणि नाणेनिधीची टीका 27 तारखेला आली. टीकेने दडपण वाढले असेलही, परंतु घसरणीचे मूळ तिच्यात शोधता येणार नाही.

'तिथेच ठरते' हेही खरे नाही. सदस्य देशाच्या नियमित आढाव्याचा अहवाल त्या देशाच्या संमतीनेच प्रसिद्ध होतो आणि त्यातील शिफारशी बंधनकारक नसतात. ज्या देशाने निधीकडून कर्ज घेतले आहे, त्याचा पुढचा हप्ता मात्र आढाव्यावर अवलंबून असतो. तिथे बाजार निकालाकडे डोळे लावून बसतो, हे मान्य केलेच पाहिजे.

निरुपयोगितेचा आरोप सर्वांत गंभीर आहे आणि त्याचे उत्तर थायलंडमध्ये सापडते. 1997 च्या मध्यावर तिथल्या मध्यवर्ती बँकेची परकीय गंगाजळी कागदावर 30 अब्ज डॉलरहून अधिक दिसत होती. प्रत्यक्षात बाहत हे थायलंडचे चलन सावरण्यासाठी बँकेने सुमारे 23 अब्ज डॉलरचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेला डॉलर देण्याचे करार, करून ठेवले होते. नाणेनिधीने थायलंडला सावध केले होते, पण बंद दाराआड. कर्ज देणाऱ्यांपर्यंत त्यातले काही पोहोचले नाही. 2 जुलैला बाहतचा दर बाजारावर मोकळा सोडावा लागला आणि वायद्यांचा आकडा ऑगस्टमध्ये उघड झाला. मेक्सिकोच्या चलनसंकटानंतर 1996 मध्ये देशांनी आकडेवारी प्रसिद्ध करण्याचे जे मानक नाणेनिधीने आखले होते, त्यात 1999 मध्ये अशा वायद्यांचाही तपशील देण्याची अट घालण्यात आली. बाजारावरचा खरा परिणाम इथे आहे: अहवालाच्या दिवशीच्या हेलकाव्यात तो दिसत नाही, दर महिन्याला खरी गंगाजळी पाहून कर्ज देणारे व्याजदर ठरवतात त्यात तो दिसतो.

2008 बद्दलची टीका बऱ्याच अंशी रास्त आहे. नाणेनिधीच्याच स्वतंत्र मूल्यमापन कार्यालयाने 2011 मध्ये निधीच्या गाफीलपणावर कडक शब्दांत बोट ठेवले. पण तिथे देखरेख कमी पडली ती बलाढ्य सदस्यांच्या बाबतीत. वित्तीय व्यवस्थेची सखोल तपासणी 1999 पासून उपलब्ध होती, पण ती ऐच्छिक असल्यामुळे अमेरिकेने संकटापूर्वी ती करून घेतलीच नाही. 25 प्रमुख वित्तीय व्यवस्थांसाठी ही तपासणी सक्तीची झाली ती 2010 मध्ये.