'चीनचं काय?' आणि डिएगो गार्सियाची माणसं

नमस्कार. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांपैकी डिएगो गार्सियावरच्या रहिवाशांना ब्रिटननं हटवलं आणि तिथं अमेरिकेचा लष्करी तळ झाला, त्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढी मोठी आणि रोखठोक प्रतिक्रिया दिलीत, तिची दोन ओळींत बोळवण करणं बरं वाटेना, म्हणून सावकाश लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मी कायम इंग्लंड-अमेरिकेलाच झोडपतो आणि चीन-रशियाचं नाव काढत नाही, साठ वर्षांपूर्वीची मढी आता उकरून उपयोग काय, त्या लोकांना निदान कोर्टात तरी जाता आलं, चीनमध्ये तेही जमलं नसतं, आणि शेवटी तो तळ चीनला चाप लावतो म्हणजे आपल्याच फायद्याचा आहे.

चीनपासूनच सुरू करू. २०१६ साली दक्षिण चीन समुद्राच्या भांडणात लवादानं फिलिपिन्सच्या बाजूनं निकाल दिला, चीननं तो धुडकावला, आणि ते चूकच होतं, त्यात माझ्या मनात काही शंका नाही. तेव्हा लंडन आणि वॉशिंग्टन दोघांनीही चीनला सांगितलं की निकाल बंधनकारक आहे, पाळा. आता हे बघा, त्याआधीच्याच वर्षी, मार्च २०१५ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या त्याच सागरी कायद्याच्या कराराखालच्या लवादानं ब्रिटनच्या विरोधात निकाल दिला होता, चागोसभोवती २०१० साली जाहीर केलेलं सागरी अभयारण्य बेकायदा आहे म्हणून. ब्रिटननं काय केलं? अभयारण्य तसंच ठेवलं. आणि अमेरिका तर त्या कराराची सदस्यसुद्धा नाही. चीनला मी ज्या मापानं मोजतो त्याच मापानं मला हे मोजायचंय, एवढंच माझं म्हणणं आहे. चीन वाईट वागतो म्हणून चागोसच्या बाईचं घर तिला परत मिळत नाही ना.

बरं, ते अभयारण्य तरी कशासाठी? विकिलीक्समधून बाहेर आलेल्या २००९ च्या अमेरिकी वकिलातीच्या तारेत ब्रिटिश अधिकाऱ्याचं म्हणणं नोंदलंय, की अभयारण्य झालं की तिथल्या जुन्या रहिवाशांचा परत जाण्याचा दावा जवळपास निकालात निघेल. मासे, प्रवाळ यांच्या नावाखाली माणसांना बाहेर ठेवायचं. मला याचा खरंच संताप येतो.

आता 'जुनी मढी'. चागोस तेव्हा मॉरिशस या ब्रिटिश वसाहतीचा भाग होतं. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम स्वातंत्र्याच्या बोलणीसाठी लंडनला गेले होते, तेव्हा पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सनना भेटीआधी जी टिपणी दिली गेली तिच्यात लिहिलेलं होतं की रामगुलामना आशा दाखवून घाबरवायचं, आशा स्वातंत्र्य मिळेल याची आणि भीती ही की चागोस वेगळं करायला समजूतदारपणे मान्यता दिली नाही तर कदाचित मिळणारही नाही. चागोस मॉरिशसपासून तोडलं गेलं, मोबदला ३० लाख पौंड. पुढच्या वर्षी डिएगो गार्सिया अमेरिकेला पन्नास वर्षांसाठी वापरायला दिलं, आणि बदल्यात पोलारिस या पाणबुडीवरून सोडायच्या अमेरिकन क्षेपणास्त्रांच्या खर्चात ब्रिटनला १ कोटी ४० लाख डॉलरची सूट, तीही अमेरिकन संसदेपासून लपवून. लोक हटवायला सुरुवात झाली ती पुढं, १९६७ ते १९७३, दीड-दोन हजार माणसं.

एक गोष्ट मूळ लेखात लिहायची राहिली होती ती इथं लिहितो. १९७१ साली बेटावरची कुत्री मारायचा हुकूम निघाला. आधी गोळ्या घातल्या, विष घातलं, तरी उरली, मग खोबरं वाळवायच्या शेडमध्ये मांस टाकून त्यांना आत बोलावलं, दारं लावली आणि अमेरिकन लष्करी गाड्यांचा धूर पाइपनं आत सोडला. ती कुत्री त्या घरांमधली पाळलेली होती, पोरांच्या मागं मागं फिरणारी. राहिलेल्या लोकांना यातून काय समजायचं ते समजलं. लिझबी एलिझ नावाच्या बाईंना १९७३ मध्ये चागोसमधल्याच पेरोस बान्होस बेटांवरून बोटीत चढवलं तेव्हा त्या चार महिन्यांच्या गरोदर होत्या, ते बाळ जगलं नाही, आणि हे त्यांनी २०१८ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढं व्हिडिओतून स्वतः सांगितलं. ज्यांच्यावर हे गुदरलं त्या बाई साक्ष देतायत, मग ही मढी जुनी कशी हो?

कोर्टाचा मुद्दा मात्र तुमचा निम्मा बरोबर आहे. चागोसवरून हटवलेल्यांचे नेते ऑलिव्हिए बांकू यांनी २००० साली लंडनच्या हायकोर्टात सरकारला हरवलं, हे चीनमध्ये घडलं नसतं, मान्य. पण पुढचं बघा. २००४ मध्ये सरकारनं संसदेत चर्चाही न करता राणीच्या विशेषाधिकाराखाली हुकूम काढून परत जायला बंदी घातली, आणि २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी ती उचलून धरली. २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयानं तेरा विरुद्ध एक असं मत दिलं की चागोस तोडणंच बेकायदा होतं, तर ब्रिटन म्हणालं हा नुसता सल्ला आहे. कायद्यानं तो सल्लाच आहे हे खरं, पण मार्च २०२२ मध्ये त्याच न्यायालयानं रशियाला युक्रेनमधली लष्करी कारवाई थांबवायचा आदेश दिला तेव्हा त्याचा मान राखा म्हणून सांगणाऱ्यांत ब्रिटन पुढं होतं. रशियाला ते सांगणं योग्यच होतं हो, मग स्वतःच्या वेळी त्या न्यायालयाचा मान कुठं गेला?

राहिला आपला फायदा. मे २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ देशांनी ब्रिटननं चागोस सोडावं म्हणून मत दिलं त्यात भारतही होता, म्हणजे आपल्या सरकारला तरी यात आपलं नुकसान दिसलं नाही. आणि मॉरिशस काही आपल्याला परकं नाही, तिथं पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. मे २०२५ च्या करारातसुद्धा मॉरिशसचं सार्वभौमत्व मान्य करून तळ ९९ वर्षं ठेवायचंच ठरलं, फक्त चागोसच्या पुष्कळ लोकांची तक्रार आहे की आम्हाला कुणी विचारलंच नाही, आणि डिएगो गार्सियावर राहायला जायची सोय त्यातही नाही.

सुरक्षेसाठी बेट रिकामं करणं भाग होतं असं तुम्ही लिहिलंय. ओकिनावात, ग्वाममध्ये अमेरिकेचे तळ लोकवस्तीला खेटून आहेत. पेरोस बान्होस तर तळापासून २०० किलोमीटरच्या आसपास, तेही रिकामं केलं. आणि डिएगो गार्सियावर स्वयंपाकाला, साफसफाईला, बांधकामाला फिलिपिन्सपासून माणसं कंत्राटावर आणली जातात, ती तिथं राहतात, त्यांच्यानं सुरक्षेला काही होत नाही. मग तिथंच जन्मलेल्यांनी काय झालं असतं, एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडं असेल तर जरूर लिहा, मी वाचेन.