बॉर्डर ओलांडली तरी बूस्टर तसाच
अमेरिकेत मुलांच्या कार सीटला ज्या स्टेटमधून गाडी चाललीय तिथलाच नियम लागतो, घरच्या स्टेटचा नाही, हे आम्हाला अटलांटाहून ऑरलँडोला ड्राइव्ह करताना कळलं. जॉर्जियात 8 वर्षांखालच्या मुलांना कार सीट नाहीतर बूस्टर (सीट बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच बसवणारी सीट) लागतो, उंची 4 फूट 9 इंचाच्या वर असेल तरच सुटका, आणि फ्लोरिडात सक्ती 5 वर्षांपर्यंतच. आमची लेक 6 ची, बॉर्डर गेल्या गेल्या म्हणे आता काढा ना बाबा! पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा काढून बघितला तर वरचा पट्टा थेट गळ्यावर आणि कमरेचा पोटावर, मग काय, परत बसवली, रुसली तर रुसली. आणि हो, भारतातून आलेल्या आजी मागे बसून "मांडीवर घेते की" म्हणतात, त्यांना निघायच्या आधीच सांगून ठेवा.