उन्हातून आलेल्या माणसाला अर्धा तास पाणी लावायचे नाही?

दर उन्हाळ्यात फिरणारा एक संदेश यंदा अकोल्याच्या आमच्या काकूपर्यंत पोहोचला, आणि एरवी जो वाचून मी सोडून दिला असता त्याला सविस्तर उत्तर देणे भाग पडले. संदेशाचा मजकूर थोडक्यात असा: विषुवदिनाच्या परिणामामुळे पुढील सात दिवस सूर्य थेट डोक्यावर राहील, तापमान 40 अंशांवर गेल्यावर थंड पाणी पिऊ नये, कारण रक्तवाहिन्या फुटतात, उन्हातून आल्यावर अर्धा तास हातपाय धुवू नयेत, एका डॉक्टरांच्या मित्राने पाय धुतले आणि तो कोसळला, गाडीची टाकी पूर्ण भरू नये, स्फोट होतो, रोज तीन लिटर पाणी प्यावे, आणि खिशात कांदा ठेवावा.

काका मे महिन्यातल्या भर दुपारी पेन्शनच्या कामासाठी बँकेत जाऊन आले, तेव्हा त्यांचे अंग चटका बसावा इतके तापले होते आणि बोलणे असंबद्ध होऊ लागले होते. चुलतभाऊ बादली घेऊन धावला, तर काकूने त्याला अडवले. ‘अरे, आत्ता पाणी लावू नकोस, मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलंय,’ असे म्हणून तिने घड्याळाकडे बोट दाखवले. शेजारच्या परिचारिका वेळेवर आल्या, त्यांनी कोणाचे न ऐकता काकांच्या अंगावर पाणी ओतले, ओली चादर गुंडाळून कूलर समोर ओढला आणि मगच रिक्षा बोलावली. काका दोन दिवस रुग्णालयात राहून घरी आले.

तेव्हा आधी याच मुद्द्याकडे वळतो. शरीर तापले की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, जेणेकरून आतली उष्णता बाहेर टाकता यावी; गार पाणी लागले की त्या आकुंचन पावतात. आकुंचन पावणे म्हणजे फुटणे नव्हे. उष्माघातात शरीराच्या आतले तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर जाते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो किंवा बेशुद्ध पडतो, आणि त्या अवस्थेतले प्रत्येक मिनिट मेंदू, मूत्रपिंड व यकृत यांना महागात पडते. म्हणूनच जगभर या आजाराचा पहिला उपचार शरीर झपाट्याने थंड करणे हाच मानला जातो. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयाने 2024 साली उष्माघाताच्या रुग्णांसाठी जो स्वतंत्र कक्ष सुरू केला, त्यात रुग्णाला बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवून ठेवण्यासाठी टब बसवलेले आहेत. गार पाण्याने रक्तवाहिन्या फुटत असत्या, तर त्या टबातून एकही रुग्ण जिवंत बाहेर आला नसता. घरी टब नसतो. तिथे सावली, अंगावर पाणी, मान, काख आणि जांघेत बर्फाची पिशवी आणि जोराचा वारा एवढे तरी ताबडतोब करता येते. ज्या अर्ध्या तासात हे करायचे, नेमका तोच अर्धा तास हा संदेश हातावर हात ठेवून बसायला सांगतो.

यात तथ्य आहे ते एवढेच, आणि तेही नाइलाजाने मान्य करतो: बर्फाचे पाणी घटाघट प्यायल्याने काहींचे डोके दुखते, हृदयविकार असलेल्याने थंडगार पाण्यात एकदम उडी घेऊ नये, आणि शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. यांपैकी एकही गोष्ट त्या संदेशात नाही.

विषुवदिनाची गोष्ट तर हास्यास्पद आहे. विषुवदिन 20 मार्चच्या आसपास आणि 22 सप्टेंबरच्या आसपास येतो. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो आणि अकोल्यात भर दुपारीही तो माथ्यावरून सुमारे 21 अंश दक्षिणेकडे कललेला दिसतो. हा मजकूर काही वर्षांपूर्वी विषुववृत्ताजवळच्या मलेशिया-सिंगापूरमध्ये फिरत होता. कोणीतरी तो जसाच्या तसा मराठीत आणला आणि मे महिन्यात सोडून दिला. सूर्य आपल्या माथ्यावर येतो हे मात्र खरे आहे: कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, मुंबईत मेच्या मध्यावर आणि नागपुरात 26 मेच्या आसपास, म्हणजे विदर्भातल्या नवतपाच्या (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांच्या) सुरुवातीलाच. परंतु केवळ माथ्यावरच्या सूर्याने उकाडा ठरत नाही. मुंबईच्या माथ्यावर तो जुलैच्या अखेरीस पुन्हा येतो, तेव्हा छत्री घेतल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही. उष्णतेची लाट आहे की नाही हे हवामान विभाग मोजून सांगतो: मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंश आणि सरासरीपेक्षा किमान 4.5 अंश जास्त, किंवा थेट 45 अंश.

टाकीच्या स्फोटाबाबत फार लिहीत नाही. पेट्रोल ठिणगीवाचून आपोआप पेटायला दोनशे अंशांहून बरेच अधिक तापमान लागते, उत्पादक टाकीची क्षमता ठरवताना इंधनाच्या प्रसरणाला जागा धरतात, आणि इंडियन ऑइलने या अफवेचा जाहीर खुलासाही केलेला आहे. पाणी भरपूर प्यावे हे बरोबर. फक्त मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या ज्या रुग्णांना पाणी मोजून पिण्यास सांगितलेले असते, त्यांनी तीन लिटरचा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नये.

राहिला कांदा. जेवणात तो जरूर खावा, पण खिशातला कांदा शरीराचे तापमान कसे उतरवतो हे मला कोणी अजून सांगू शकलेले नाही. काकांच्या सदऱ्याच्या खिशात त्या दुपारी तो होताच; रुग्णालयात कपडे बदलताना तो निघाला आणि काकूच्या हातात देण्यात आला.