केजीएफची (कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्सची) सोन्याची खाण पर्यटकांसाठी खुली झालेली नाही

‘कोलारच्या खाणीत लिफ्टने ३ किलोमीटर खाली नेतात, बाहेरच्या टेकड्यांत सोनं चाळता येतं,’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. भारत गोल्ड माइन्सने २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद केली. उपसा थांबल्याने खोल बोगद्यांत पाणी भरलं.

त्या करड्या टेकड्या म्हणजे दळलेल्या खनिजाचा, सायनाइड या विषारी रसायनाने सोनं काढून घेतल्यावर उरलेला गाळ. उरलेलं सोनं टनामागे ग्रॅमभरही नाही. तेही इतकं बारीक, की पाटीत धुऊन हाती लागत नाही. वाऱ्याच्या दिवसांत धूळ नाकातोंडात जाते. मुलांना तिथे नेऊच नका.

गाव मात्र जरूर पाहा. बंगारपेटहून केजीएफमधल्या मारिकुप्पम स्टेशनची गाडी पकडा. शाफ्टचे (खाणीत उतरायच्या उभ्या विहिरींवरचे) लोखंडी सांगाडे रस्त्यावरूनच बघा.