फोटो हाताशी असताना घाटावर का बसायचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

वाईजवळच्या मेणवलीच्या, कृष्णाकाठच्या घाटाच्या चित्रांवर आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. आपल्या म्हणण्याचा आशय मला समजला तो असा : घाटावर बसून केलेली माझी छोटी जलरंगचित्रे कच्ची आणि घाईची आहेत; त्याच घाटाचे घरी केलेले मोठे चित्र त्यांच्याहून कितीतरी सरस आहे; आणि खिशात चांगला कॅमेरा असलेला फोन असताना उन्हात जाऊन बसणे हा चित्र काढण्यापेक्षा चित्रकार दिसण्याचा सोस आहे. मोठमोठे चित्रकारही अखेर स्टुडिओतच चित्रे पूर्ण करत असत, तेव्हा हौशी माणसाने आधी घरी फोटोवरून हात बसवावा, असा सल्लाही आपण दिला आहे. यांतील पहिली दोन विधाने मला पूर्ण मान्य आहेत. तिसरे मात्र मान्य नाही, आणि त्याचे कारण आपल्या दुसऱ्या विधानातच आहे. आपल्याला आवडलेले ते मोठे चित्र फोटोवरून केलेले नाही. ते त्या कच्च्या, घाईच्या चित्रांवरून केलेले आहे.

एका पायरीपुरतेच बोलायचे तर, मेणवलीचा घाट काळ्या पाषाणाचा आहे आणि सकाळी त्याच्या काही पायऱ्यांवर झाडांची सावली पडते. वरवर पाहणाऱ्याला ती सावली म्हणजे एक काळपट पट्टा वाटतो. तिथे बसून थोडा वेळ नुसते पाहत राहिले की त्या पट्ट्यातले रंग वेगळे होऊ लागतात. पायरीचा पाय ठेवण्याचा सपाट भाग सावलीत असूनही निळसर असतो, कारण त्याच्यावर ऊन येत नसले तरी वरच्या मोकळ्या आकाशाचा उजेड येतच असतो. त्याच पायरीची उभी बाजू तपकिरी, काही ठिकाणी चक्क तांबूस दिसते, कारण खालच्या पायरीवर पडलेले ऊन तिथून उसळून तिच्यावर येते. खरा काळोख असतो तो फक्त दोन चिऱ्यांच्या सांध्यात, बोटभर रुंदीचा. दगड एकच, सावलीही एकच, तरी तिच्यात थंड आणि उबदार अशा दोन छटा एकमेकींना लागून नांदत असतात, आणि जलरंगात सावली जिवंत वाटते ती याच शेजारामुळे.

आता त्याच वेळी, त्याच जागेवरून मी काढलेला फोटो. उन्हातला भाग नीट यावा म्हणून उजेड बेतला की सावली काळी ठिक्कर पडते. अलीकडचे फोन यावर उपाय म्हणून कमीअधिक उजेडाच्या अनेक प्रतिमा एकत्र करतात. त्यामुळे सावलीतले तपशील दिसू लागतात खरे, पण ऊन आणि सावली यांतले अंतर इतके कमी होते की दहा वाजताचे कडक ऊन मळभ आल्यासारखे दिसते. शिवाय पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून फोन सगळ्या चित्राचा रंग आपल्या हिशेबाने सारखा करतो आणि त्या नादात सावलीतला निळा आणि तांबूस असे दोन्ही रंग फिके होऊन एका करड्या रंगात बुडून जातात. फोनवर माझा राग नाही, तो बघणाऱ्याला चटकन आवडेल असे चित्र देण्यासाठीच बनवलेला आहे. पण त्याच्यावरून रंग ठरवणे म्हणजे दुसऱ्याने चाखलेल्या आमटीत आपण अंदाजाने मीठ घालण्यासारखे आहे.

आकारांचेही काही प्रमाणात तसेच होते. फोनचे नेहमीचे भिंग बऱ्यापैकी रुंद कोनाचे असते, त्यामुळे जवळची पायरी अंगावर येते आणि मागचा डोंगर, जो प्रत्यक्षात घाटाच्या डोक्यावर बसल्यासारखा वाटतो, तो फोटोत एखाद्या उंचवट्याएवढा उरतो. माझ्या छोट्या चित्रात डोंगर मोठा आहे आणि ते प्रमाण चुकलेले आहे, असे आपण लिहिले आहे. फोटोशी ताडून पाहिले तर आपले म्हणणे बरोबर ठरते. घाटावर उभे राहून पाहिले तर ठरत नाही.

अर्थात फोटो मी वापरतच नाही असा माझा दावा नाही. घाटावरच्या छोट्या देवळातली ती पोर्तुगीज घंटा आपल्याला माहीत असेल. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यानंतर आणलेल्या घंटांपैकी ती एक, तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती आहे. त्या आकृतीचे रेखाटन मी घरी फोटोवरूनच पक्के केले, कारण तिथे प्रश्न घडणीचा होता, उजेडाचा नव्हता. वाड्याच्या खिडक्यांची घडण, शिखरावरचे थर, नावेच्या दोराची गाठ अशा गोष्टींसाठी फोटोसारखा सोबती नाही. मात्र सावली कोणत्या रंगाची होती, हे मी त्याला विचारत नाही.

आता घाईविषयी. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. म्हणजे नऊ वाजता रेखाटायला घेतलेली सावली दहा वाजता आपली जागा आणि आकार दोन्ही बदलून बसलेली असते. म्हणून मी आधी हाताच्या पंजाएवढ्या चौकोनात पेन्सिलीने गडद, मध्यम आणि उजळ अशा तीनच टोनमध्ये सावल्यांचा आराखडा घेते आणि त्यानंतर समोर काहीही बदलले तरी त्या आराखड्याला धरून राहते. सरकत्या सावलीच्या मागे धावणाऱ्याच्या चित्रात दोन सूर्य उगवतात. त्यात उन्हाळ्यात आकाशाचा वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा सलग हात, कागदाच्या मध्यापर्यंत येईतो वरचा काठ वाळून त्याची रेघ उमटते, तर पावसाळ्यात तोच वॉश तासभर ओला राहतो आणि पुढचा रंग लावायची सोय उरत नाही. कागदावर थेट ऊन पडत असेल तर डोळे दिपून रंग आहेत त्याहून उजळ भासतात, आपण ते गडद करत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेले निघते. म्हणून बसायची जागा निवडताना समोरच्या देखाव्याइतकाच विचार कागदावरच्या सावलीचा करावा लागतो. एवढ्या अडचणींतून पाव आकाराच्या, म्हणजे ११ बाय १५ इंचांच्या कागदावर जे उतरते, ते कच्चेच असणार. ते मी प्रदर्शनासाठी करत नाही. ती माझी टिपणे आहेत, आणि टिपणात सावलीचा रंग अचूक पकडला गेला असेल तर देवळाचा कळस थोडा कलला तरी मला चालतो.

घरचे काम वेगळे असते. तिथे कागद दुप्पट, ३०० जीएसएमचा म्हणजे जाडजूड आणि चारही बाजूंनी टेपने बोर्डावर बसवलेला असतो. वेळ हवा तेवढा असतो, आणि पाठीमागून कुणी ‘आमच्या घराचं पण काढा की’ म्हणत नाही. आपल्याला आवडलेल्या चित्रात मी घाटावरचे एक झाड पूर्ण गाळले, दुसरे थोडे डावीकडे सरकवले आणि नदीच्या पाण्यासाठी एकच मोठा वॉश ठेवला, कारण छोट्या चित्रात पाण्यावर मारलेले तुकड्यातुकड्यांचे फटकारे पायऱ्यांवरून लक्ष काढून घेत होते. असे निर्णय घाटावर घेता येत नाहीत. तिथे समोरचे सगळेच महत्त्वाचे वाटते. स्टुडिओचे खरे बळ या गाळण्यात आहे, असे मला वाटते. त्याचा धोकाही तिथेच आहे. वेळ हाताशी असला की हात थांबत नाही, वाळलेल्या वॉशवर आणखी एक, त्यावर आणखी एक असे थर चढत जातात आणि सावली पारदर्शक राहण्याऐवजी गढूळ होते. अशा वेळी समोर उभे करून ठेवलेले ते घाईचे चित्रच मला सांगते की एवढ्यावर भागले होते.

मोठ्या चित्रकारांचा दाखला आपण दिलात, तो माझ्या बाजूनेच बोलतो. इंग्लंडचा निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने १८२१ साली पूर्ण केलेले गवताच्या गाडीचे प्रसिद्ध चित्र सफोकमधील नदीकाठचे असले तरी रंगवले लंडनच्या स्टुडिओत, हे खरे आहे. पण त्यामागे त्या नदीकाठावर बसून केलेली रेखाटने आणि तैलरंगातले अभ्यास होते, आणि त्याच सुमारास हा गृहस्थ हॅम्पस्टेडच्या टेकडीवर बसून नुसते ढग रंगवत होता व चित्राच्या पाठीमागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवत होता. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याने रूआँ शहरातल्या कॅथीड्रलची चित्रमालिका १८९२ आणि १८९३ साली कॅथीड्रलसमोरच्या खोल्यांतून रंगवली आणि जिव्हर्नी या आपल्या गावच्या स्टुडिओत पूर्ण केली. आपल्याकडे चित्रकार आबालाल रहिमान मुंबईत शिकून कोल्हापुरास परतले आणि तिथली कोटितीर्थ, रंकाळा ही तळी हेच विषय वेगवेगळ्या प्रहरी पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. एका तळ्याकडे इतक्या वेळा जाणाऱ्या माणसाला तळे कसे दिसते, हे पाठ नसेल का? तरी ते जात, कारण पाठ असते ते तळे. त्या वेळचा उजेड पाठ होत नाही.

हौशी माणसाने घरी हात बसवावा, हे मला अर्धेच पटते. घरी जरूर बसवावा, पण फोटोवरून नको. ओट्यावरची दोन वांगी आणि पितळी तांब्या खिडकीजवळ मांडून त्यांची सावली रंगवावी. फोटोत लांबी-रुंदी-खोलीचे सपाट कागदावर रूपांतर कॅमेऱ्याने आधीच करून ठेवलेले असते, म्हणजे चित्रकाराने शिकायचे ते सगळ्यांत अवघड काम कुणीतरी परस्पर उरकलेले असते. वांगी समोर असली की ते आपल्यालाच करावे लागते. सोस दाखवण्यासाठी घाटावर येणारे, चित्रापेक्षा चित्रासोबतच्या सेल्फीत अधिक वेळ घालवणारे लोक मीही पाहते. त्यांच्याविषयीचा आपला त्रागा अनाठायी नाही. मात्र त्यावरून घाटच वर्ज्य ठरत नाही.

राहता राहिला आपला शेवटचा प्रश्न, दगडासाठी कोणता काळा वापरला हा. काळा रंग वापरलेलाच नाही. अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, हे दोनच रंग आहेत. पायरीच्या सपाट भागासाठी निळ्याचे प्रमाण जास्त, उभ्या बाजूसाठी सिएनाचे, आणि सांध्यातल्या काळोखासाठी दोन्ही जवळजवळ पाण्याविना, घट्ट. अल्ट्रामरीनचे कण खरबरीत कागदाच्या खळग्यांत बसतात आणि त्यामुळे दगडाचा पोत फारसे काही न करता मिळतो. रंग पॅलेटवर पूर्ण मिसळू नका, कागदावर थोडे एकमेकांत उतरू द्या. फोटो, घाटावरचे चित्र आणि घरचे चित्र अशी तिन्ही शेजारी ठेवून पुढच्या आठवड्यात टाकते, म्हणजे आपल्याला त्या सावलीच्या पायऱ्या एकेक करून ताडून पाहता येतील.