शिमामुरा, मी आणि कैरोतल्या दोन गच्च्या

परवा रात्री एका कादंबरीने मला असा चिमटा काढलाय ना की अजून जागा चुरचुरतेय, म्हणून हे लिहितेय. पोस्ट मोठी होणार, आधीच सांगते.

कादंबरी म्हणजे जपानी लेखक कावाबाताची 'स्नो कंट्री'. जपानचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग, सायबेरियाकडून येणारे वारे समुद्रावरून येताना बाष्प उचलतात आणि डोंगराला धडकले की सगळा माल तिथेच रिकामा करतात, त्यामुळे माणसाच्या डोक्याच्या वर बर्फ साचतं. तिथल्या गरम झऱ्यांच्या गावात टोकियोहून शिमामुरा नावाचा एक पैसेवाला रिकामटेकडा येत असतो. हा करतो काय, तर पाश्चात्त्य बॅलेवर लेख लिहितो. आणि गंमत म्हणजे याने आयुष्यात एकही बॅले प्रत्यक्ष बघितलेला नाही! परदेशातून मागवलेली पुस्तकं, पोस्टरं, कार्यक्रमांची पत्रकं, एवढ्यावर सगळी विद्वत्ता. बरं याचं त्याला वाईटही वाटत नाही, उलट त्याला तेच हवंय, न बघितलेला नाच कसा, आपल्या मनासारखाच होतो.

मी पुस्तक पालथं ठेवलं आणि समोरच्या शेल्फकडे बघितलं. जपान, इजिप्त, नायजेरिया, बोस्निया, कोलंबिया, तुर्कस्तान. पासपोर्टवर शिक्के किती ते कृपया विचारू नका. म्हणजे शिमामुरा मीच की!

तेव्हापासून स्वतःशीच भांडण चाललंय की "कादंबऱ्या वाचून देश कळतो" हे जे मी तोऱ्यात सांगत फिरते ते कितपत खरं आहे.

आधी माझ्या विरुद्धचा पुरावा देते. काफ्का अमेरिकेला कधीच गेला नाही पण त्याने 'अमेरिका' लिहिली. त्यातला कार्ल रॉसमन जहाजातून न्यूयॉर्कच्या बंदरात शिरतो आणि बघतो तर स्वातंत्र्यदेवतेच्या हातात मशालीऐवजी तलवार. पुढे एका ठिकाणी न्यूयॉर्क आणि बोस्टनला जोडणारा पूल हडसन नदीवर दिसतो, आता ही दोन शहरं नकाशावर शोधून बघा आणि मग मला सांगा हा पूल कुठे बांधायचा ते. स्टोकरबाबासुद्धा रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियात पाऊल न टाकता १८९७ ला ड्रॅक्युला लिहून मोकळे झाले आणि आज निम्म्या जगाच्या डोक्यात तो भाग म्हणजे धुकं, लांडगे आणि किल्ला एवढाच आहे.

पण काफ्काचं ते पहिलं प्रकरण मला तरीही प्रचंड आवडतं. कार्ल उतरायच्या वेळेला छत्री विसरतो, ट्रंक जेमतेम ओळखीच्या माणसाकडे सोपवून छत्री आणायला परत खाली जातो आणि जहाजाच्या बोळाबोळांत हरवतो. परक्या ठिकाणी पहिल्या अर्ध्या तासात आपण जे बावळट होतो ते याहून नेमकं कोणी लिहिलं असेल असं वाटत नाही. फक्त अमेरिका बघायला ते वाचू नका, इतकंच.

मग कुठली वाचायची? माझी एक कसोटी आहे, साधीच. लेखक कोणासाठी लिहितोय ते बघायचं. जो आपल्या देशाची परदेशी पाहुण्यांना ओळख करून द्यायला बसलाय तो दर दोन पानांनी थांबून समजावतो, हा आमचा सण, ही आमची आजी, हे आमचं दुःख. वाचायला सोपं जातं, डोळ्यात पाणीपण येतं, आणि शेवटी आपल्याला आधीपासून जे वाटत होतं तेच पक्कं होतं. जो आपल्याच माणसांसाठी लिहितो तो आपल्याला दारात उभं ठेवतो. नातेवाइकांच्या नावांचा गोंधळ होतो, विनोद डोक्यावरून जातात, एखाद्या शब्दावर सगळे का चिडले ते कळत नाही आणि पन्नास पानांनंतर अचानक कळतं. मला ती पन्नास पानंच प्रवास वाटतात.

नायजेरियाच्या चिनुआ अचेबेंच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) मध्ये ची, ओबी, एग्वुग्वू असे तिथल्या इग्बो भाषेतले शब्द असेच येत राहतात, कुठे अर्थ लागतो, कुठे आपला आपण लावायचा. तीन चतुर्थांश पुस्तक आपण त्या गावात राहतो, ओकोन्क्वोचा राग, यामच्या शेतीतली त्याची प्रतिष्ठा, बायका-पोरांवरची त्याची दहशत सगळं जवळून बघतो. आणि शेवटच्या पानावर (स्पॉयलर आहे, पुढचं वाक्य गाळा) एक ब्रिटिश अधिकारी विचार करतो की या माणसाची गोष्ट आपल्या पुस्तकात एका परिच्छेदात बसेल. एक परिच्छेद! आपण अख्खं आयुष्य वाचून आलेलो असतो. हेच अचेबे १९७५ मध्ये कॉनराडच्या काँगोवरच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस' या कादंबरीवर भाषण देताना चिडून बोलले, की त्यात आफ्रिका म्हणजे नुसता मागचा पडदा, माणसं जवळजवळ नाहीतच. कॉनराड प्रत्यक्ष काँगोला जाऊन आला होता हे इथे लक्षात घ्या. म्हणजे जाऊन आलं की दिसतंच असं काही नाही.

आता माझी लाडकी. नगीब महफूझची कैरो त्रयी, १९५६-५७ मध्ये आलेली. तिन्ही भागांची नावं कैरोतल्या गल्ल्यांची आहेत. पहिल्याचं 'बैन अल-कसरैन', म्हणजे दोन महालांच्या मधे. ते कैरोवर पूर्वी राज्य करणाऱ्या फातिमी खलिफांचे महाल कधीच गेले, नाव राहिलं. गोष्ट सुरू होते १९१७ ला. अमीना रोज मध्यरात्री गजर नसताना उठते, कारण नवरा मजा मारून त्या वेळेला घरी येतो, आणि ती दिवा घेऊन जिन्यावर उभी राहते त्याला पायऱ्या दिसाव्यात म्हणून, मग त्याचे बूट-मोजे काढते. तो येईपर्यंत लाकडी जाळीच्या सज्ज्यातून, मशरबियातून, खालचा रस्ता बघते. लग्नाला पाव शतक झालंय आणि आईकडे जाण्याव्यतिरिक्त तिने घर सोडलेलं नाही. कैरो तिला माहितेय ते जाळीच्या भोकांतून आणि गच्चीवरून दिसणाऱ्या मिनारांवरून. गच्चीवर तिच्या कोंबड्या, कबुतरं, तिची झाडं.

मग एकदा नवरा पोर्ट सईदला जातो, पोरं आग्रह करून तिला हुसैनच्या मशिदीत पाठवतात, परत येताना गाडीचा धक्का लागून तिचं गळ्याजवळचं हाड मोडतं. खरं ती नवऱ्याला सांगून टाकते. तो बरी होईपर्यंत थांबतो. आणि मग घराबाहेर काढतो, माहेरी पाठवून देतो. ते "बरी होईपर्यंत थांबणं" वाचून मी पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवलं होतं.

तर कामानिमित्त माझं कैरोतल्या एका बाईंशी ऑनलाइन बोलणं व्हायचं, एकदा मीटिंगला बाकीचे उशिरा आले म्हणून मी उत्साहात बैन अल-कसरैनचं सुरू केलं. अमीना, तो सज्जा, सगळं. त्या ऐकत होत्या, मग हसल्या आणि म्हणाल्या की आमच्याकडे अजून घरात हुकूम गाजवणाऱ्या नवऱ्याला 'सी सय्यिद' म्हणतात, अमीनाच्या नवऱ्याच्या पात्रावरून. त्यांनी स्वतः पुस्तक वाचलं नव्हतं, पिक्चर बघितला होता. आणि मग सरळ म्हणाल्या, तू जे सांगतेयस ते माझ्या पणजीचं कैरो आहे, मी रोज रिंग रोडवर ट्रॅफिकमध्ये असते.

माझी जिरली हे खरं. कादंबरीवर तारीख असते आणि आपण ती बघत नाही. इव्हो आंद्रिचच्या 'द ब्रिज ऑन द द्रिना' कादंबरीचंही तसंच, बोस्नियातल्या विशेग्रादचा द्रिना नदीवरचा अकरा कमानींचा तो पूल, सोळाव्या शतकापासून १९१४ पर्यंत त्यावर काय काय घडलं ते वाचलं आणि मला वाटलं बोस्निया झाला. पुस्तक आलं १९४५ ला. १९९२ ला त्याच पुलावर माणसं मारून नदीत टाकली गेली. ते मला नंतर, पूल मॅपवर शोधताना सापडलं.

त्या बाईंनीच मग 'याकूबियन बिल्डिंग' सुचवली, अल-अस्वानीची, २००२ ची. तलात हर्ब रस्त्यावरची जुनी दिमाखदार इमारत, आणि तिच्या गच्चीवर सामान ठेवायला बांधलेल्या लोखंडी खोल्या, ज्यात पुढे गरीब कुटुंबं राहायला लागली, दोन मीटर बाय दोन मीटर. वाचताना सारखी अमीनाची गच्ची डोळ्यासमोर येत होती. तीच कबुतरं, तेच शहर, फक्त इथे कपडे वाळत घालण्यावरून भांडणं चाललीयेत आणि मिनार बघायला कोणाला वेळ नाही.

आता २०११ च्या उठावानंतरची कैरोतली एखादी गच्ची हवीय, म्हणजे कादंबरी. कोणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये टाका, समजावून सांगणारी नको. 'स्नो कंट्री'ची शेवटची वीस पानं राहिलीयेत, शिमामुराला आज रात्री संपवते.