पाच रुपयांच्या पेन्सिलीवर एवढा राग?

जून संपत आला की आमच्या विदर्भात शाळा उघडतात, आणि त्याच सुमारास एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपवर आला. कॉलनीच्या, माहेरच्या आणि निवृत्त शिक्षकांच्या. पहिले दोन मी सोडून दिले असते. पण जन्मभर खडूची भुकटी खाल्लेल्या माणसांनीही त्याखाली अंगठ्यांची रांग लावली, म्हणून लिहायला बसले.

मजकूर थोडक्यात असा. सरकारी शाळेतल्या मुलांना वह्या-पेन्सिली वाटणं हा फोटो काढायचा धंदा आहे. सरकार सगळं फुकट देतंच. वाटलेलं साहित्य आठवड्यात हरवतं, नाहीतर घरी भावंडांकडे जातं. साहित्य देऊन मुलं शिकत नाहीत हे परदेशी संशोधनानं सिद्ध झालंय. आम्ही फुटक्या पाटीवर शिकलो आणि साहेब झालो. मुलांना शिकवतो तो शिक्षक, पेन्सिल नाही. तेव्हा हे दान बंद करा.

मी नागपुरात तीसेक वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. बांधकामावरच्या मजुरांची, धुणीभांडी करणाऱ्या बायांची, छत्तीसगडहून आलेल्या कुटुंबांची मुलं माझ्यासमोर बसायची. त्या वर्गात उभं राहून या मेसेजकडे पाहिलं की त्यातलं काय टिकतं आणि काय गळतं ते सांगते.

“सरकार सगळं देतं.” पाठ्यपुस्तकं देतं, खरं आहे. पहिली ते आठवीला बालभारतीची पुस्तकं मोफत येतात, गणवेश येतो, दुपारची खिचडी येते. वही, पेन्सिल, खोडरबर मात्र राज्याच्या त्या यादीत नाही. मुंबई महापालिका दप्तरापासून वह्यांपर्यंत २७ वस्तू देते म्हणून हा समज पसरला असावा. पण मुंबईची तिजोरी म्हणजे सगळ्या महाराष्ट्राची तिजोरी नव्हे. आणि वहीची अडचण खरी आहे हे खुद्द सरकारनंच एकदा मान्य केलं होतं. २०२३-२४ पासून पुस्तकांतच वहीची कोरी पानं जोडली गेली. दप्तराचं ओझं हे त्याचं एक कारण होतं, आणि सगळ्या पालकांना वह्या घेणं परवडत नाही हे दुसरं. पुढे तो प्रयोग चालला नाही आणि २०२५-२६ पासून पानं काढून टाकली. परवडत नसलेले पालक मात्र होते तिथेच आहेत.

शाळेला अनुदान मिळतं ना, असं कुणी म्हणेल. मिळतं. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेच्या निकषांत ३१ ते १०० पट असलेल्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये आहेत. पट ८० धरा, म्हणजे एका मुलामागे वर्षाला ३१२ रुपये. त्यात विजेचं बिल, किरकोळ दुरुस्ती, झाडू-फिनाइल आणि खडूही. आता यातून पेन्सिली काढून दाखवा बरं.

“शिकवतो तो शिक्षक, पेन्सिल नाही.” हे वाक्य वाचून आधी मलाच बरं वाटलं होतं. कुणीतरी आमची बाजू घेतली! मग पहिलीचा वर्ग आठवला.

पस्तीस मुलं. त्यातल्या सहा-सात जणांकडे आज पेन्सिल नाही. मी फळ्यावर ‘म’ काढते. ज्यांच्याकडे आहे ती लिहू लागतात. ज्यांच्याकडे नाही ती शेजाऱ्याकडे पाहतात. “तुझं झालं का बे?” “थांब ना.” शेजाऱ्याचं होतं, पेन्सिल हातात येते, तोवर मी फळ्यावर ‘भ’ काढलेला असतो. हा उशीर दिवसातून आठ-दहा वेळा होतो. सहा वर्षांचं पोट्टं रिकाम्या हातानं बसेल किती वेळ? ते पुढच्याची वेणी ओढतं. जुलैत त्याच्या नावापुढे ‘खोडकर’ लागतं, दिवाळीत ‘लक्ष नाही’, आणि तिसरीत जाईपर्यंत ‘ढ’. हे शिक्के मीही मारलेत. फार उशिरा माझ्या ध्यानात आलं की माझ्या ‘लक्ष नाही’वाल्यांत आणि पेन्सिल नसलेल्यांत बरीच नावं तीच होती.

पहिली-दुसरीचं शिकणं हातातून जातं, हे या मेसेजवाल्यांच्या गावीही नाही. मोठा माणूस ऐकून शिकतो, वाचून शिकतो. लहान मूल अक्षर गिरवतं, चुकतं, पुसतं, पुन्हा काढतं, तेव्हा ते अक्षर त्याचं होतं. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांनी काही अक्षरं स्वतः हातानं काढली, काही गिरवली, काही कळफलकावर दाबली. नंतर ती अक्षरं पाहताना, मेंदूतला वाचनासाठी लागणारा भाग हातानं काढलेल्या अक्षरांना सगळ्यात स्पष्ट प्रतिसाद देत होता. हा अभ्यास रोमन अक्षरांचा. आपल्या देवनागरीत तर ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘प’ आणि ‘ष’ यांच्यात एका वळणाचा नाहीतर एका रेघेचा फरक. डोळ्याला तो निसटतो. हाताला निसटत नाही, कारण हाताला तिथे वळावं लागतं.

वहीदेखील कुठलीही चालत नाही. पहिलीच्या मुलाला दुरेघी वही लागते. मोठ्यांची बारीक ओळींची दोनशे पानी वही दिली की वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांच्या अंगावर येतात आणि मूल रडकुंडीला येतं. अंकांना चौकटीची वही, म्हणजे एका घरात एकच अंक. एकक आणि दशक आपापल्या घरात राहायला शिकतात ते तिथेच.

दशक निघालंच आहे तर सांगते. मराठी मुलाला ‘त्रेचाळीस’ लिहायला सांगा. कानावर ‘तीन’ आधी पडतो, ‘चाळीस’ नंतर, म्हणून ते ऐकल्या क्रमानं ३४ लिहून मोकळं होतं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर थट्टा झाली, ती याच अडचणीपायी. थट्टा करणाऱ्यांनी कधी दुसरीच्या मुलाला ३४ खोडून ४३ करताना पाहिलं नसावं. मी काय करायची? काड्या. दहा काड्यांना रबर लावून एक गठ्ठा, असे चार गठ्ठे आणि तीन सुट्ट्या. मूल गठ्ठे डावीकडे ठेवतं, सुट्ट्या उजवीकडे, आणि मग तसंच लिहितं. पण वर्गात काड्यांचा एकच संच असला तर तो बाईच्या टेबलावर राहतो आणि मुलं नुसती बघतात. आठ संच असले की चार-चार, पाच-पाच जणांच्या हाती येतात. शिक्षक तोच, धडा तोच.

“आम्ही फुटक्या पाटीवर शिकलो.” माझीही पाटी फुटकीच होती, एका कोपऱ्याची चौकट उडालेली. पण ती होती! पाटीदेखील शैक्षणिक साहित्यच, काका. आणि ज्यांना तीही मिळाली नाही ते आज या ग्रुपवर नाहीत. तुमच्या चौथीच्या वर्गातले सगळे साहेब झाले का, हे एकदा आठवून पाहा.

याच मुद्द्यावर एक सुशिक्षित आवृत्तीही ऐकू येते: साहित्य विकत कशाला हवं, बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या तारा मोडक आणि अनुताई वाघांनी नाही का शिकवलं? शिकवलं, बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, परिसरातल्या साध्या, स्वस्त वस्तूंमधून. आम्हीही चिंचोके, खडे, बाटल्यांची झाकणं गोळा केली, त्यात दुमत नाही. पण त्यांचा दाखला देऊन साहित्यच नको म्हणणं उफराटं आहे. मुलाच्या हातात काहीतरी असलं पाहिजे, हाच तर त्यांचा आग्रह. चिंचोक्यांनी मोजणी शिकवता येते. पण काल काय लिहिलं हे चिंचोका सांगत नाही आणि पुसलेली पाटीही सांगत नाही. वही सांगते. मागची चार पानं उलटली की मला कळायचं, हे मूल ‘क’चा गोल उलट्या बाजूनं सुरू करतंय. आणि आईला लिहिता येत नसलं तरी तिला दिसायचं की आज लेकीनं पान भरलंय.

“संशोधनानं सिद्ध झालंय.” हा मुद्दा बाकीच्यांपेक्षा वजनदार आहे, कारण त्यामागे खरा अभ्यास आहे. ज्यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते मायकेल क्रेमर आणि त्यांचे सहकारी यांनी केनियातल्या ग्रामीण शाळांत मोफत पाठ्यपुस्तकं देऊन पाहिली. २००९ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात सरासरी गुण वाढले नाहीत. मेसेज इथे थांबतो. अभ्यास थांबत नाही. आधीपासून पुढे असलेल्या मुलांना पुस्तकांचा फायदा झाला, बाकीच्यांना झाला नाही. कारण पुस्तकं इंग्रजीत होती, आणि बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा होती. न वाचता येणारं पुस्तक दिलं तर उपयोग होत नाही, एवढं त्यातून निघतं. त्यावरून मराठी शाळेतल्या पोरीची शिसपेन्सिल काढून घ्यायची?

आपल्या देशातला अभ्यास मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. जिष्णू दास, कार्तिक मुरलीधरन आदी अर्थशास्त्रज्ञांनी आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. शाळांना साहित्यासाठी अनुदान दिलं गेलं, आणि त्यातला मोठा वाटा वह्या-पाट्यांसारख्या मुलांच्याच वस्तूंवर गेला. पहिल्या वर्षी, म्हणजे पैसे अचानक आले तेव्हा, गुण वाढले. दुसऱ्या वर्षी ते येणार हे पालकांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी घरचा खर्च आवरता घेतला आणि तशी वाढ दिसली नाही. यातला दुसरा भाग दात्यांनीही नीट वाचावा. जो पालक वही घेतोच त्याच्या मुलाला आणखी वही दिली तर त्याचे पैसे वाचतात. वाईट नाही, पण शिकण्यात भर पडत नाही. ज्याच्या घरून वही येणारच नाही त्या मुलाला दिली तर पडते. तो मुलगा कोणता, हे वर्गशिक्षिकेला विचारायचं असतं.

“हरवतं, घरी जातं.” हरवतं. पहिलीचं मूल नवी पेन्सिल शार्पनरमध्ये फिरवत बसतं, पापुद्रा अखंड निघावा म्हणून, आणि आठवड्यात ती बोटाएवढी होते. भावंडांकडेही जाते. गेली तर काय झालं? तेही कुणीतरी शिकतंच आहे. यावर साधा उपाय आहे, तो म्हणजे वर्गाचा डबा. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात तीस-चाळीस पेन्सिली. सकाळी घ्यायची, सुटताना परत ठेवायची. कुणाची कुणाची नाही, वर्गाची. गरीब कोण, हे त्यात उघडं पडत नाही.

आता फोटोचा धंदा. इथे मेसेजशी माझं भांडण नाही, उलट त्यानं कमीच लिहिलंय. मुलांना उन्हात रांगेत उभं करून एकेका वहीला चौघांनी हात लावलेले फोटो मी पाहिलेत. नेत्याचा चेहरा छापलेली दप्तरं पाहिलीत, ज्यांचा बंद पोळ्याच्या आधी तुटतो. पहिलीच्या मुलांना जेल पेन वाटलेले पाहिलेत. एका दात्यानं रंगीत गोष्टींची छान पुस्तकं दिली. ती डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत चढली, कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं. फाटली तर हिशोब कोण देणार? गोष्टीचं पुस्तक फाटतं तेव्हा ते वाचलं गेलेलं असतं, हे कुठल्या रजिस्टरात लिहायची सोय नाही. पण हे सगळे दोष देणाऱ्यांचे आणि ठेवणाऱ्यांचे. शिक्षा मुलाला का?

आणि शिक्षकाबद्दल. मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या शंभरपैकी सुमारे २३ मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. हे पेन्सिली वाटून सुटणारं दुखणं नाही, मान्य. रिकाम्या जागा भरा, आम्हाला सर्वेक्षणांतून मोकळं करा, मुलं जिथे आहेत तिथून शिकवू द्या. पण त्या चांगल्या शिक्षकाच्या वर्गातही मुलांना लिहायला काहीतरी लागेलच.

द्यायचंच असेल तर वेळही पाहा. सगळं दान जून-जुलैत येतं. तान्हा पोळ्याला पोरं लाकडी बैल मिरवतात तोवर पेन्सिली संपत आलेल्या असतात, आणि दिवाळीनंतर कामाच्या शोधात आलेल्या कुटुंबांची नवी मुलं वर्गात येतात, हात हलवत. त्या दृष्टीनं ६ डिसेंबरची ‘एक वही, एक पेन’ची रीत मला फार शहाणपणाची वाटते. बाबासाहेबांना हारफुलं, मेणबत्त्या वाहण्याऐवजी लोक वह्या घेऊन येतात, आणि त्या नेमक्या वर्षाच्या मध्यावर मुलांच्या हाती पडतात. यंदा कुणी अभिवादनाला जाणार असेल तर एक सुचवते. पेन मोठ्या मुलांना होतो. पहिली-दुसरीसाठी वही दुरेघी घ्या, शंभर पानी, आणि सोबत दोन शिसपेन्सिली ठेवा. आणि शार्पनर. तो सगळे विसरतात, आणि मग पोरं दातांनी पेन्सिल सोलतात.